तोळा नेमका किती? दहा ग्रॅम, ११.६६, की आजी म्हणेल तेवढा?

मुक्ता_महाल

नमस्कार. इथे मी कायम वाचनमात्र, धागा काढायची ही पहिलीच वेळ. कारण घरचंच आहे.

आजी मागच्या वर्षी गेली. तिच्या कपाटात एक चिठ्ठी निघाली, १९९३ सालची, तिच्याच अक्षरात: दोन्ही लेकींना पाच-पाच तोळे, उरेल ते दोन्ही सुनांनी सारखं वाटून घ्यावं. बस, एवढंच. मणी आणि लाख यांचं वजन वजा करून सगळं सोनं इतवारीत काट्यावर घातलं, तर १४८ ग्रॅम भरलं. चिठ्ठी सगळ्यांना मान्य आहे. तरीही गेले तीन रविवार आमच्या घरात चहाचे कप जरा जोरातच ठेवले जात आहेत.

भानगड तोळ्याची आहे. काकूच्या मते तोळा म्हणजे दहा ग्रॅम, अख्खं नागपूर तसंच बोलतं. मोठी आत्या म्हणते, "दहा ग्रॅमचा तोळा तुमचा. आईचा तोळा रुपयाभार." रुपयाभार म्हणजे ११.६६४ ग्रॅम, असं मोबाइलवर निघालं.

दहाच्या हिशोबाने आत्यांना मिळून १०० ग्रॅम, सुनांना २४-२४. जुन्या तोळ्याने आत्यांना ११६.६४, आणि सुनांच्या वाट्याला उरतात १५.६८. सोन्याचा आजचा भाव बघता तेवढ्या फरकात चांगली स्कूटर येईल. मी सुनेची लेक, म्हणजे माझा स्वार्थ दहाच्या बाजूला आहे, हे आधीच सांगून टाकते.

तर खरा तोळा कोणता? आणि ते ठरवतं कोण?


पोट्टा_गोधनीचा

ताई, कायले डोकं लावून राहिले? मधला काढा, १०.८३२. सगळेच सारखे नाराज होतील.


सराफकट्टा

घरचा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या फळ्यावर भाव दहा ग्रॅमचा असतो. समोरचं गिऱ्हाईक विचारतं, "तोळ्याला किती?" आम्ही तोच आकडा सांगतो. बिल ग्रॅममध्ये, तेही तीन दशांशांपर्यंत. म्हणजे "तोळा" हा शब्द आमच्या दुकानात फक्त तोंडी वावरतो, कागदावर कुठेच नाही. माझ्या पिढीतल्या कारागिरालाही "दोन तोळ्यांचा गोफ" सांगितलं की तो २० ग्रॅमचाच करतो.

आजोबांचं कोष्टक वेगळं होतं. ८ गुंजा म्हणजे १ मासा, १२ मासे म्हणजे १ तोळा. म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. गुंज म्हणजे ती लाल, काळ्या टिपक्याची बी (विषारी असते, पोरांच्या हाती देऊ नका). आता गंमत बघा. तोळ्याला ९६ ने भागलं तर गुंज साधारण १२१ मिलिग्रॅमची व्हायला हवी. आमच्या गल्ल्यात आजोबांची गुंजांची डबी अजून आहे. दिवाळीच्या साफसफाईत मी त्यातल्या दहा-बारा बिया एकेक करून इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवल्या होत्या. एकीचं वजन दुसरीशी जुळेना. वेलीला काय माहीत आपल्याला सोनं तोलायचंय! शेंगेत जागा मिळेल तशी बी भरते. जुने सोनार म्हणून सारख्या दिसणाऱ्या बिया निवडून ठेवत.

मग तोळा पक्का कसा झाला? कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा (ग्रेन हे इंग्रजांचं बारीक वजन) ठरवला आणि १८३५ पासूनचा चांदीचा रुपया त्याच वजनाचा पाडला. वजनाचा नमुनाच लोकांच्या खिशात गेला. कुणाला शंका आली तर दुसऱ्या पारड्यात रुपया टाकायचा. म्हणून "रुपयाभार", आणि चांदीच्या तोड्यांना आजही "इतके भार". १९४० मध्ये रुपयातली चांदी अर्ध्यावर आली, तरी नाण्याचं वजन तेच ठेवलं होतं.

तेव्हा तुमच्या आत्या हवेत बोलत नाहीयेत. आखाती बाजारात दहा तोळ्यांचं सोन्याचं बिस्कीट अजून विकतात, वजन ११६.६४ ग्रॅम. दोघींचा वाटा मिळून बरोबर एक बिस्कीट.

आजीच्या डब्यात राणीछाप रुपया सापडला तर काट्यावर ठेवून बघा. झिजलेला असेल, पण दहाच्या बराच वर भरेल.


अ_ते_ज्ञ

कायद्याने बघितलं तर दोन्ही बाजू चूक. तोळा हे एककच आता अस्तित्वात नाही. १९५६ चा वजनमापांचा कायदा आला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम लागू झाले. आता २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा आहे, तो १ एप्रिल २०११ पासून अमलात आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे भाव सांगताना, बिल देताना, जाहिरात करताना प्रमाण एकक सोडून दुसरं वापरायला मनाई आहे. "तोळ्याला अमुक सूट" असा फलक लावणारा खरं तर कायदा मोडतोय.

आणि तोळा दहा ग्रॅमचा कुणी "केला" असं नाही. सरकारने तोळा छोटा केला नाही, रद्द केला. छोटा लोकांनी केला.


मुक्ता_महाल

@अ_ते_ज्ञ, माहितीबद्दल आभार. पण आजी दुकान चालवत नव्हती हो, चिठ्ठी लिहीत होती. एकक रद्द झालं म्हणून आत्यांचा वाटाही रद्द, असं घरी सांगितलं तर मलाच जेवायला मिळणार नाही.

@सराफकट्टा, "छोटा लोकांनी केला" हे पटतं का तुम्हाला? कधी झालं असेल हे?


सराफकट्टा

एका दिवसात झालं नाही. वजनं बदलली, भाव दहा ग्रॅमचा निघायला लागला, आणि "दहा ग्रॅमला किती" असं विचारायला जीभ वळत नाही. तोळा हा शब्द रिकामाच पडला होता, तो तिथे नेऊन बसवला. बाबा सांगतात, बरीच वर्षं दोन्ही चालत होते. गिऱ्हाईक म्हातारं असेल तर आजोबा विचारून घ्यायचे, "जुना की नवा?"


शेवंता_धंतोली

भाजीवालीकडेही तेच की. पावशेर म्हणजे जुन्या शेराचा पाव. शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम, त्याचा पाव २३३. आज "पाव दे" म्हटलं की २५० मिळतात. तिथे माप वाढलं, सोन्यात घटलं. भाजीत वाढलेल्या १७ ग्रॅमबद्दल कुणी तीन रविवार भांडल्याचं ऐकलं नाही.


धानवाला_६४

मी भंडाऱ्याकडचा, आता मुलाकडे नागपुरात मानेवाड्याला असतो. सोन्याचं मला कळत नाही, धानाचं सांगतो.

आमच्याकडे धान तोलत नसत, मापत. लोखंडी पट्टीची लाकडी पायली. चार शेरांची पायली हे शाळेतलं पाठांतर: दोन मापटी एक शेर, दोन शेर एक अडशिरी, दोन अडशिऱ्या एक पायली. पण हा शेर आणि शेवंताताईंचा शेर वेगळा. तो तोलायचा, हा भरायचा. एकाच पायलीत धान भरलं तर वजन एक, तांदूळ भरला तर त्याहून बरंच जास्त, लाखोळी भरली तर आणखी वेगळं. शहरातले लोक विचारतात, "पायली म्हणजे किती किलो?" मी उलट विचारतो, "कशाची?"

मापणारा माणूस ठरलेला असे. खळ्यावर राशीपुढे उकिडवा बसायचा. पहिली पायली टाकताना "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन. मध्ये कुणी बोललं तर रागवायचा, कारण आकडा चुकला की रास पुन्हा मोजा. डाव्या हाताने पायली राशीत खुपसायची, उजव्या हाताने धान वर ओढायचं. आणि मग खरी कला. शीग किती ठेवायची? हात सपाट फिरवला तर काठोकाठ माप, हात वरच ठेवून उचललं तर टोपीसारखी शीग. आमचा बाप मजुरांना कापणीची मजुरी शिगेने द्यायचा आणि त्याचा त्याला अभिमान होता. गावात एक घर असंही होतं (नाव घेत नाही) जिथे उसनं देण्याची पायली एक आणि परत घेण्याची दुसरी. बाहेरून दोन्ही सारख्याच. दुसरीचा तळ पातळ होता, हे कळायला आम्हाला दोन पावसाळे लागले.

किलोचा काटा आला त्याचं दुःख मला नाही. लबाडीची एक जागा बंद झाली.


अ_ते_ज्ञ

धानवालाकाका, दोन पायल्यांची ही चाल फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्रोण हे धान्याचं माप चार प्रकारचं सांगितलंय. राजाकडे महसूल येताना मोजायचा द्रोण २०० पलांचा (पल हे जुनं वजन), बाजारातला साडेसत्याऐंशी वर शंभर म्हणजे १८७.५, चाकरांना देताना १७५, आणि अंतःपुरात देताना १६२.५. घेताना मोठं, देताना लहान, आणि हे चोरून नाही, चक्क नियम म्हणून. तुमच्या गावच्या त्या घराने निदान तळ लपवला तरी!

त्याच ग्रंथात अंगुल म्हणजे आठ जवांची रुंदी, नाहीतर मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाचं मधलं पेर, अशी व्याख्या आहे. "मध्यम बांध्याचा" कोण, हे ठरवणारा अधिकारीही मध्यम बांध्याचाच असणार.


पोट्टा_गोधनीचा

मंजे बी, जव, बोट, सगळंच अंदाजपंचे. बरं झालं किलो आला बाप्पा.


सराफकट्टा

किलोही २० मे २०१९ पर्यंत एक वस्तूच होता की. पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. आता प्लँकच्या स्थिरांकावरून किलो ठरतो. मला तो स्थिरांक कळत नाही, ठोकळा कळायचा.


निवृत्त_भूमापक

सोन्यावरचं भांडण तीन रविवारांत मिटेल. जमिनीवरचं तीन पिढ्या चालतं, ते मी नोकरीभर पाहिलंय.

आपला नागपूर भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्यप्रांत, नंतरच्या मध्य प्रदेशात होता. इथल्या जुन्या कागदांवर खसरा नंबर, पटवारी हलका नंबर, आणि क्षेत्र एकर-डिसमिलमध्ये. डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग. पश्चिम महाराष्ट्रात एकर आणि गुंठे, चाळीस गुंठ्यांचा एकर. आता एका कागदावर "२.२०" लिहिलंय असं समजा. आपल्याकडे त्याचा अर्थ दोन एकर वीस डिसमिल, म्हणजे सव्वादोनलाही थोडं कमीच. पुण्याकडच्या माणसाने वाचलं तर दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. आकडा तोच, मधला ठिपका तोच, फरक बारा गुंठ्यांचा. तिकडून इकडे जमीन घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी याच ठिपक्यावर बयाणा दिला होता. मोजणीच्या दिवशी बांधावर त्यांचा चेहरा काय झाला ते सांगवत नाही.

आताचा सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. त्यावर नवा घोळ: लोक आर आणि गुंठा एकच समजतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. गुंठ्यामागे जेमतेम बारा-तेरा फुटांचा फरक, कोण बघतं? पण "एकर" म्हणून ४० आर गळ्यात मारले तर पाचशे चौरस फूट गेले. बेसा-बेलतरोडीकडे पाचशे फुटांत स्वयंपाकघर आणि दोन खोल्या बसतात.

तेहतीसच का, असं नवीन पोरं विचारायची. इंग्रजांची मोजणीची साखळी ६६ फुटांची, त्याची अर्धी ३३. दहा चौरस साखळ्यांचा एकर, म्हणून पाव चौरस साखळीचे चाळीस गुंठे. म्हणजे ज्याला आपण अस्सल गावरान माप समजतो, तो गुंठाही इंग्रजी साखळीतच बसवलेला.


रेतीगिट्टी

ब्रासवर कुणीच बोललं नाही? महाराष्ट्रात घर बांधणारा प्रत्येक माणूस ब्रासने रेती घेतो आणि दहातल्या नऊ जणांना ब्रास म्हणजे काय ते ठाऊक नसतं. १०० घनफूट. बस.

आता ट्रॉली आली की टेप घ्या. लांबी दहा फूट, रुंदी सहा, रेतीची उंची दीड. गुणाकार नव्वद. म्हणजे एक ब्रासला दहा फूट कमी. ट्रॉलीवाला म्हणेल, "साहेब, एक ब्रासचीच ट्रॉली आहे." ट्रॉली असेल, रेती नाही. आणखी एक: कन्हानची रेती ओलसर असली की फुगते, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि पाचव्या हिश्श्याहूनही जास्त उंची नुसती पाण्यामुळे दिसू शकते. पूर्ण कोरडी किंवा पूर्ण भिजलेली असेल तर ती फुगवटी जाते. मी हा धंदा करतो, तरी सांगतो.

सळाखीतही तेच. दुकानात "तीन सूत" मागायचं, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. हातात येते दहा मिलिमीटरची. चार सूत मागितलं की मात्र पावणेतेराच्या जागी बाराची. एकदा वर, एकदा खाली, आणि शब्द तोच.


कापूसकोंड्या

खंडीचंही लिहा कुणीतरी. धानवालाकाकांकडे धानाची खंडी असते ती मापाची. बातम्यांत कापसाचा जो "खंडीचा भाव" येतो ती खंडी वजनाची, ३५६ किलोची (जुने ७८४ पौंड), आणि ती रुईची, म्हणजे सरकी काढून उरते तिची, सरकीसकट कापसाची नाही. आमच्या गावात लोक खंडीचा भाव ऐकतात, साडेतीन क्विंटलने भागतात आणि व्यापाऱ्याला शिव्या देतात. क्विंटलभर कापसातून रुई निघते ३४-३५ किलो. एका खंडी रुईला दहा क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. सरकीचा हिशोब वेगळा. व्यापाऱ्याला शिव्या द्यायला माझी हरकत नाही, पण आकडा बरोबर धरून द्या.


पोट्टा_गोधनीचा

सगळे बोलले, पण जिथून आख्ख्या देशाचं अंतर मोजतात त्या झिरो माईलचं कोणीच नाही बोललं. नागपूरकर आहात ना बे?


निवृत्त_भूमापक

नाही मोजत रे बाबा. तिथे जाऊन बघ एकदा. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा १९०७ चा प्रमाणचिन्हाचा खांब आहे तो, आणि त्याचं खरं काम अंतराचं नाही, उंचीचं. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. फुटाचे तीन दशांश! शेजारच्या खांबावर मैल कोरलेत, जबलपूर १७०, शिवनी ७९, हैदराबाद ३१८, पण ती नागपूरपासूनची अंतरं. दिल्ली-मुंबईचं अंतर कुणी सीताबर्डीत येऊन मोजत नाही. देशाचा मध्यबिंदू म्हणायचं तर कटनी जिल्ह्यातलं करौंदी गावही तो मान सांगतं.


पोट्टा_गोधनीचा

काका, लहानपण खराब केलं तुम्ही.


शेवंता_धंतोली

अवांतर: माझी सासू नऊवारीला "अठरा हाती" म्हणायची. दोन हातांचा एक वार, हिशोब बरोबर जमतो. आता दुकानात मीटरने मागावं तर सव्वाआठ मीटर म्हणावं लागेल. सव्वाआठ मीटरचं लुगडं कुणी नेसेल का?

मुक्ता, मुद्द्यावर येते. सोन्याचा तोळा किती हे शोधू नकोस. तुझ्या आजीचा तोळा किती, ते शोध. ती वही-बिही ठेवायची का?


सराफकट्टा

+१. त्या काळचं बिल आणि तिच्या हातची नोंद, दोन्ही एकाच दागिन्याचं मिळालं तर प्रश्नच संपला.


मुक्ता_महाल

सगळ्यांचे आभार. शेवंताताई, तुमचे तर खास.

रविवारी आजीची पेटी पुन्हा उघडली. वही होती. दूधवाला, धोबी, हळदीकुंकवाच्या वाणाचा खर्च, आणि शेवटच्या पानांवर दागिने. १९८८ मध्ये तिने काकूसाठी पाटल्या केल्या होत्या. वहीत नोंद: "पाटल्या जोड ४ तोळे." त्याच पानाला टाचणीने बिल लावलेलं, टाचणी गंजून कागदाला डाग पडलाय. बिलावर ४६.६५० ग्रॅम.

४६.६५० ला चारने भागलं. ११.६६२. मी दोनदा केलं, मग काकूने तिच्या मोबाइलवर केलं, मग आईने कागदावर हातचा घेऊन केलं.

वहीच्या मागच्या कप्प्यात तांबड्या फडक्यात बांधलेला राणीछाप रुपयाही निघाला. तो घेऊन इतवारीत गेलो. काट्यावर ११.५४ भरला. काट्यावरचा मुलगा विचारतो, "मॅडम, हा तोळा कसा काय? तोळा तर दहाचा." आत्या त्याला समजावायला बसणार होती, आम्ही तिला बाहेर काढलं.

तर आत्यांना ११६.६४, सुनांना १५.६८ प्रत्येकी. आई म्हणाली, "त्यांनी लिहिलं तेव्हा त्यांच्या डोक्यात हेच असणार," आणि चहा ठेवायला आत गेली. कप आपटला नाही, मी लक्ष देऊन ऐकत होते. काकू अजून थोडी गप्प आहे, त्यात तिच्याच पाटल्यांच्या बिलाने तिचा वाटा कमी केला.

आता नवीनच अडचण. ११६.६४ नेमके काढायचे तर आजीचा गोफ मध्ये तोडावा लागतो. मोठी आत्या म्हणते तोडायचा नाही, दीड ग्रॅम मला कमी चालेल. धाकटी म्हणते मला चालणार नाही. त्याचा धागा वेगळा काढते.